पाव मार्काचं शहाणपण

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पदवीपेक्षा कमी शिकलेला शिक्षक क्लासने ठेवू नये, ही त्यातली एक. सूचना अगदी रास्त! तिच्या हिशेबाने वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ पार करून एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला पोचलेली मुलगी नीट शिकवायला अपात्र. नीटची उत्तरपत्रिका जन्मात हाती न धरलेला पदवीधर मात्र पात्र. उद्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरच्या पोरांना पांझरा नदीत पोहायला शिकवायचं ठरलं, तर काल नदी पार केलेला नको, पाण्यात एकदाही न उतरलेला पदवीधर शोधा.

मुळात नीटसाठी शिकवायचं असतं काय? 2025 पासून 180 मिनिटांत 180 प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. चार पर्यायांतून डोळे मिटून एक गोल काळा केला, तर सरासरीने पाव गुण पदरात पडतो. दोन पर्याय बाद करता आले, तर दीड. भावी डॉक्टरच्या अंदाजालाही मोल देणारी ही परीक्षा! वजा गुणाच्या धाकाने पोरगं गोल कोरा सोडतं, आणि हा साधा हिशेब ऐकायला बापाला लातूर-कोट्यापर्यंत जाऊन लाखभर मोजावे लागतात. तोच हिशेब कालपरवा त्याच बाकावरून उठलेला पोरगा फुकट सांगतो, ही त्याची खरी अपात्रता. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ या उपक्रमाने गरीब घरांतल्या, मेळघाट-गडचिरोलीच्या आदिवासी मुलांना असंच शिकवलं. त्यातली मुलं एमबीबीएसला लागली. मार्गदर्शकांची पदवी तेव्हा कोणी विचारली नाही.

आक्षेप येतील. अनुभवाचं काय? वीस वर्षांचा अनुभवही परीक्षेचा साचा बदलला की पुन्हा पहिलीत बसतो. शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांचा स्वतःचा अभ्यास बुडेल? हा आक्षेप खरा. म्हणून पाळ्या लावाव्यात, एकाच खांद्यावर ओझं नको. तिसरा आक्षेप जड आहे: फुकटच्या शिकवणीने परीक्षा सुधारत नाही, फक्त तिच्या युक्त्या गरिबालाही कळतात. मान्य. पण विहीर बुजेपर्यंत दोर फक्त श्रीमंताच्याच हाती ठेवायचा, हा कुठला न्याय? पिंपळनेरजवळच्या सामोड्याचे राजेंद्र भारूड मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, पुढे नंदुरबारचे जिल्हाधिकारी. ‘असा एखादाच’ म्हणणाऱ्यांना विचारावं: एखादाच निघतो, की एखाद्यालाच वाट सापडते?

धुळ्याला 1989 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि तिथून साक्रीमार्गे पिंपळनेरला एसटी येते. मंत्रालयाने नियमात चारच शब्द वाढवावेत: ‘किंवा हीच परीक्षा उत्तीर्ण’. बाकी तिथून शिकवायला येणाऱ्यांच्या तिकिटाचे पैसे गाव काढील.