पांढरी पाचच्या जरा वर

गिरगावात गाणं ऐकणारे पुष्कळ. गाणं थांबल्यावर मागे काय उरतं ते ऐकणारे क्वचित, आणि आमच्या वाडीतले काका त्यांतले. कुणी जुना व्हॉल्व्हचा गिटार-अँप घेऊन आला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "वाजवू नकोस." मुलगा दादरच्या ऑर्केस्ट्रातला, बोटं शिवशिवत असतात. काका गिटारची पिन उपटतात, जाळीला कान लावतात आणि डोळे मिटून घेतात.

"पांढरी पाच," थोड्या वेळाने निकाल येतो, "जरा वर."

हे ते उगाच म्हणत नाहीत. बेस्टची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते, त्यामुळे तिची घूं खर्जात पांढरी पाचच्या किंचित वर लागते. रेक्टिफायरमधून बाहेर पडलेली घूं 100 ची, म्हणजे स्वर तोच, सप्तक वरचं. खालचं सप्तक असेल तर अर्थिंग, केबल किंवा फिलामेंटच्या वायरी बघायच्या. वरचं असेल तर फिल्टरचा कंडेन्सर सुकला. सूर पारखायला त्यांनी घरात पेटी ठेवली आहे. तिच्यावर दुसरा कुठलाही सूर वाजल्याचं वाडीच्या ऐकिवात नाही.

काका परळला गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होते. 1982 चा संप झाला, गिरणी गेली, आणि लूमच्या खडखडाटात इतकी वर्षं जे ऐकायचं राहून गेलं ते आता वसूल करतायत, असं काकूंचं म्हणणं.

अँप अमेरिकेहून आलेला असला की काकांना विशेष आनंद. तो 117 व्होल्टचा, म्हणून सोबत स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर, आणि तो स्वतःच घुमतो. वर दोन पिनांचा प्लग, म्हणजे अर्थिंगच्या नावाने शंख. "ह्या लोकांनी माणूस चंद्रावर पाठवला," काका प्लग उलटसुलट करत म्हणतात, "आणि तिसरी पिन परवडली नाही."

मग तपास सुरू होतो. व्हॉल्यूम शून्यावर आणून घूं तशीच राहिली तर दोष कंट्रोलच्या पुढे, कमी झाली तर मागे. त्यानंतर इनपुटकडून एकेक व्हॉल्व्ह काढत जायचं. ज्याच्यासकट आवाज जाईल, चोर त्याच्या आसपास. शिसपेन्सिलीने काचेवर टिचकी मारली आणि स्पीकरमधून टण्ण आलं, तर ईसीसी 83 म्हातारा झाला. बदली व्हॉल्व्ह ट्रंकेत, 'नवाकाळ'मध्ये गुंडाळलेले, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. तडतड येत असेल तर 100 किलोओहमचा जुना कार्बन रेझिस्टन्स. अँप बंद केला तरी कंडेन्सरात 400 व्होल्ट दबा धरून बसलेले असतात, म्हणून रेझिस्टन्स लावून ते आधी रिकामे करायचे. आत उजवा हात, डावा कमरेवर. काकू याला अर्धा विठोबा म्हणतात.

हे सगळं बरोबरच आहे. माझी तक्रार पुढच्या भागाबद्दल. अँपमध्ये चोर सापडला नाही की काका वाडीत शोधतात. "वहिनी, पाच मिनिटं फ्रीज बंद करा." समोरच्यांचा पंख्याचा रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक, त्याचा खरखराट गिटारमध्ये येतो, म्हणून ऐन मे महिन्यात त्यांचा पंखा बंद. वर "जुना डब्याचा रेग्युलेटर होता तो का काढलात?" ही विचारणा. शेवटी त्या मुलाला गिटार गळ्यात अडकवून खोलीत गोल फिरवतात, कारण सिंगल कॉइल पिकअप एका विशिष्ट कोनात घूं कमी पकडतो. आमच्या वाडीत तो कोन दुसऱ्या मजल्यावरच्या संडासाकडे तोंड केल्यावर साधतो. मुलाने विचारलं, "काका, स्टेजवर काय करू?" काका म्हणाले, "प्रेक्षकांना तिकडे बसव."

त्या वेळी दोष निघाला फिल्टरच्याच कंडेन्सरचा. काका चालत लॅमिंग्टन रोडला गेले, 450 व्होल्टचे नवे घेऊन आले, डाग दिले. घूं गेली. काका जाळीला कान लावून बसले, कपाळावर आठ्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काहीच येत नाहीये."

"मग झालं की!"

"असं कसं होईल? बारीक सूं तरी पाहिजे." आणि अँप आठवडाभर निरीक्षणाखाली राहिला. गिटार त्यात कशी वाजते हे त्यांनी आजतागायत ऐकलेलं नाही. ते त्यांचं खातं नव्हे.

तुमच्याकडे घुमणारा व्हॉल्व्हचा अँप असेल तर बेलाशक काकांकडे आणा. यांच्याइतका खात्रीचा माणूस नाही. फक्त परत कधी मिळेल ते विचारू नका, आणि चपला रबरी असतील तर बाहेर काढू नका. त्या घालूनच आत यायचं असतं.