उतारा न वाचता उत्तरे विकणाऱ्या सरांना

प्रति,
सीसॅट आणि इंग्रजीचे ‘ट्रिक’वाले सर,
सदाशिव पेठ, नवी पेठ आणि प्रत्येक मोबाइलचा पडदा.

सर,

तुमचे नाव लिहीत नाही, कारण तुम्ही एकटे नाही आहात. शास्त्री रस्त्याने अलका चौकाकडे निघाले की तुमचे फ्लेक्स सुरू होतात. उतारा पूर्ण न वाचता उत्तर कसे काढायचे, इंग्रजी न येताही इंग्रजी उताऱ्याचे गुण कसे मिळवायचे, सीसॅट हा पूर्वपरीक्षेतला आकलन आणि कलचाचणीचा पेपर शेवटच्या दीड महिन्यात कसा उरकायचा. शेजारी हसऱ्या अधिकाऱ्यांचे फोटो. आकलन तपासणाऱ्या परीक्षेसाठी आकलन टाळायची शिकवणी काढायची आणि तिची फी हप्त्याहप्त्याने वसूल करायची, हे डोके तुमचेच. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि उघड्यावर.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी इंग्रजी शिकवतो. तुमच्याकडून निघालेली मुले पुढे माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या वह्यांत तुमचे नियम लाल शाईत चौकटी करून लिहिलेले असतात. टोकाचा शब्द असलेला पर्याय खोडा. उताऱ्यातले शब्द ज्या पर्यायात जास्त, तो धरा. दोन उरले तर सौम्य आणि सरकारी धोरणाला शोभेल असा निवडा. आधी प्रश्न वाचा आणि उताऱ्यात फक्त तेवढाच शब्द शोधा. मुलांना हे सगळे तोंडपाठ असते. उतारा काय म्हणतो असे विचारले की मात्र मान खाली जाते.

तुमचे नियम एकदा लावूनच पाहू. उतारा मी रचलेला आहे, पण लोकसेवा आयोग देतो त्याच जातीचा. एका दुष्काळी जिल्ह्यात ठिबक सिंचनाला अनुदान मिळाले. एकरी पाणी कमी लागू लागले. शेतकऱ्यांनी त्या वाचलेल्या पाण्यावर बागायतीचे क्षेत्र वाढवले, त्यामुळे जिल्ह्याचा एकूण उपसा होता तेवढाच राहिला. उपशाला मर्यादा नसेल तर पाणी काटकसरीने वापरण्याच्या तंत्राने भूजल वाचतेच असे नाही. इथे उतारा संपला. प्रश्न: उताऱ्यातून निघणारा सर्वांत तर्कशुद्ध निष्कर्ष कोणता?

पर्याय असे. (अ) ठिबक सिंचनामुळे एकरी पाणी कमी लागते आणि म्हणून जिल्ह्याचे भूजल वाढते. (ब) ठिबक सिंचनाचे अनुदान थांबवावे. (क) उपशावर कोणतेच बंधन नसताना केवळ तंत्राच्या जोरावर भूजल वाचेल याची खात्री नाही. (ड) दुष्काळी भागातील शेतकऱ्यांनी कमी पाण्याची पिके घ्यावीत.

बरोबर उत्तर (क). तुमचा मुलगा काय करतो? (क) मध्ये ‘कोणतेच’ आणि ‘केवळ’ आहे, म्हणून पहिल्या नियमाने तोच आधी खोडतो. दुसरा नियम त्याला (अ) वर नेतो, कारण उताऱ्यातले शब्द तिथे खच्चून भरलेत. तो नियम विसरला तर तिसरा त्याला (ड) वर नेऊन बसवतो. (ड) मधला सल्ला शहाणपणाचा आहे, सरकारी आहे, वर्तमानपत्रात रोज येतो. फक्त तो या उताऱ्यात नाही. चौथ्या नियमाने त्याने ‘भूजल’ शोधले, तर शब्द सापडतो आणि त्याच्या आधीची अट डोळ्यांखालून निसटते. सगळा अर्थ त्या अटीतच आहे. चुकीचा पर्याय उताऱ्यातल्याच शब्दांनी सजवायचा असतो, हे पर्याय रचणाऱ्याला पक्के ठाऊक असते. न वाचता येणाऱ्याला अडवण्यासाठीच तो बसलेला असतो. तुम्ही पोरांना नेमके त्याच्या सापळ्यात सोडता.

पर्याय खोडण्याला माझा विरोध नाही. वाचून खोडावेत.

वेळच नसतो, असे तुम्ही म्हणाल. दोन तासांत ८० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. केंद्रीय आयोगाच्या पेपरातले बरेचसे उतारे दीडशे-दोनशे शब्दांचे असतात. ज्याला वाचायची सवय आहे तो असा उतारा दीड मिनिटात नीट वाचतो, आणि एका उताऱ्यावर अनेकदा एकाहून जास्त प्रश्न असतात. वेळ कोणाला कमी पडतो? न समजल्यामुळे तीनदा मागे जाणाऱ्याला. तुमच्या शॉर्टकटने वाचलेली सेकंदे तो पर्यायांत घुटमळून घालवतो.

अंदाजाचा हिशेबही बघा, कारण ट्रिक म्हणजे अखेर सजवलेला अंदाजच. केंद्रीय पेपरात प्रश्नाला अडीच गुण, चुकीला एकतृतीयांश वजा, उत्तीर्ण व्हायला २०० पैकी ६६. एखाद्याने ३५ प्रश्न बरोबर सोडवले आणि तुमच्या भरवशावर ३० चुकवले, तर ८७.५ वजा २५, राहिले ६२.५. नापास. त्या तिसातले निम्मे कोरे सोडले असते तर ७५ होऊन तो पुढे गेला असता. हे गणित तुमच्या फ्लेक्सवर कधी येणार?

आता थोडे मागे जाऊ, कारण तुमचा धंदा ज्या जागेवर उभा आहे ती जागा मुलांनी लढून मिळवलेली आहे. कोठारी समितीच्या शिफारशीनंतर १९७९ पासून केंद्रीय नागरी सेवांची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येऊ लागली आणि तालुक्याच्या शाळेतल्या मुलासाठी दार उघडले. २०११ मध्ये सीसॅट आले. २०१४ मध्ये दिल्लीच्या मुखर्जीनगरात मुले रस्त्यावर उतरली. सीसॅट इंग्रजी माध्यमाच्या मुलांकडे झुकते, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. केवळ इंग्रजीत येणाऱ्या उताऱ्यांचे गुण त्या वर्षी धरले गेले नाहीत आणि २०१५ पासून सगळा पेपर ३३ टक्क्यांचा, केवळ उत्तीर्ण होण्यापुरता झाला. ही सवलत श्वास घ्यायला होती. तुम्ही तिचा अर्थ लावला की आता वाचायची गरज उरली नाही, आणि तेच मुलांना वर्षानुवर्षे ऐकवले. मग २०२३ चा पेपर आला. पहिल्या पेपरात पुरेसे गुण असूनही दुसऱ्यात ३३ टक्के न मिळाल्याने कितीतरी जण बाहेर फेकले गेले. पात्रतेची अट २३ टक्क्यांवर आणावी म्हणून काही जण केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले. त्यांना दिलासा मिळाला नाही. पहिल्या पेपरावर ठरणारा खुल्या प्रवर्गाचा कटऑफ त्या वर्षी ७५.४१ वर आला. दीड महिन्यात उरकता येतो म्हणून तुम्ही सांगितलेला पेपर तो हाच. त्यानंतर तुम्ही एवढेच केलेत, बॅचचे नाव बदललेत आणि फी वाढवलीत.

पूर्वपरीक्षेचा केंद्रीय पेपर अजूनही इंग्रजी आणि हिंदीतच येतो, मराठीत येत नाही, याचा मलाही राग आहे. पण तो राग आयोगावर आहे. त्या अन्यायातून पोराला बाहेर काढायची फी तुम्ही घेतली होती.

सर, एक गोष्ट तुम्हाला माहीत असूनही तुम्ही करत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. उतारा चुकण्याची कारणे दोन असतात. एक, इंग्रजी कच्चे. दोन, वाचनच कच्चे, भाषा कोणतीही असो. ओळखायला सोपे आहे. राज्य लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेच्या सीसॅटमध्ये काही उतारे फक्त मराठीत आणि काही फक्त इंग्रजीत असतात, त्यांचे भाषांतर दिलेले नसते. जुने पेपर कोणालाही मिळतात. मुलाला आधी नुसता मराठी उतारा द्या. तिथेही अट सुटत असेल, लेखकाचे मत आणि लेखकाने खोडण्यासाठी मांडलेले मत यांत गल्लत होत असेल, तर त्याला शब्दांच्या याद्या देऊन काही होणार नाही. त्याला मराठीत वाचायला शिकवावे लागेल. एक अग्रलेख घ्यायचा, लेखकाचे म्हणणे काय, पुरावा काय आणि अट काय हे तीन ओळींत लिहायचे, आणि शेजारच्याच्या तीन ओळींशी ताडून भांडायचे. मराठीत बरोबर येते आणि इंग्रजीत चुकते, त्याचे काम निराळे. त्याला लांब वाक्याचे मुख्य क्रियापद शोधायला शिकवायचे, कोणती उपवाक्ये त्याला लटकली आहेत ते दाखवायचे, रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचून त्याचा मथितार्थ मराठीत सांगायला लावायचे. दोन्ही कामांना महिने लागतात आणि दोन्ही कामे पन्नास मुलांच्या वर होत नाहीत. तुमच्या हॉलमध्ये पाचशे बसतात. म्हणून तुम्ही निदान करत नाही आणि दोघांनाही त्याच चार नियमांची झेरॉक्स देता.

मुले अशी का येतात, तेही तुम्हाला ठाऊक आहे. राज्यातल्या मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही बहुतेक शाळांत न पाहिलेल्या उताऱ्याचा सराव एकाच पद्धतीने होतो: प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उत्तरात उतरवायची. अर्थ कळला नाही तरी पैकीच्या पैकी. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ५७.३ टक्के इंग्रजी वाक्ये वाचू शकली, आणि वाचू शकलेल्यांपैकी ७३.५ टक्क्यांनाच अर्थ सांगता आला. अशी मुले वीस-बाविसाव्या वर्षी आईवडिलांनी उचललेल्या पैशावर तुमच्या दारात येतात. शाळेने लावलेली खोड मोडायची शेवटची संधी तुमच्या हातात असते, आणि तुम्ही तीच खोड कीवर्डचे नाव देऊन पक्की करता.

पुढचा टप्पा तर तुम्ही मुलांना दाखवतच नाही. केंद्रीय मुख्य परीक्षेत इंग्रजीचा सक्तीचा पेपर ३०० गुणांचा असतो. निबंध, उतारा, सारांशलेखन, व्याकरण. २५ टक्के, म्हणजे ७५ गुण पुरतात. पण ते नाही मिळाले तर त्या उमेदवाराचे निबंधाचे आणि सामान्य अध्ययनाचे पेपर तपासलेच जात नाहीत. उमेदवाराने इतिहासापासून नीतिशास्त्रापर्यंत काय लिहिले, ते कोणी उघडूनही पाहत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिथेही इंग्रजीत पात्र व्हावे लागते. सारांशलेखनात उतारा एकतृतीयांश करायचा असतो, स्वतःच्या शब्दांत. तुमचा मुलगा प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य उचलतो, कारण तुम्ही ते सांगितले आहे. समोर चार पर्याय नसले की तुमचे नियम संपतात.

आणि नोकरीत? तहसीलदाराच्या, गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलावर रोज उतारेच येतात. शासन निर्णय, न्यायालयाचा आदेश, मोजणीचा वाद, एखाद्या विधवेचा चार पानी अर्ज ज्यात मुद्दा शेवटच्या ओळीत आहे. तिथे कीवर्ड बघून सही करणारा अधिकारी त्या बाईचा अर्ज फेटाळेल. वर दिलेला ठिबकचा परिच्छेद कृषी विभागाचा अहवाल म्हणून समोर आला, तर (अ) निवडणारा माणूस जिल्ह्याचे पाणी वाढल्याचे वर कळवून मोकळा होईल. आयोगाने उतारा ठेवला आहे तो यासाठी.

महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये लंडनला आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. त्याच माणसाने पुढे मेघदूत मराठीत आणले. कोकणातल्या मराठी मुलाला इंग्रजीतला कठीण मजकूर पेलत नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच खोटे ठरले आहे. तुमच्या शिकवणीचा पाया मात्र तोच समज आहे: ह्या पोरांना काही वाचता यायचे नाही, त्यांना युक्ती द्या. मुलांबद्दलचा हा तुमचा तुच्छताभाव मला तुमच्या फीपेक्षा जास्त लागतो.

कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. निवड झालेल्याचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही, आणि त्याने तुमच्याकडे कोणता कोर्स केला हे सांगावे लागते. एक दिवसाच्या मॉक मुलाखतीला आलेल्याचा फोटो सीसॅटच्या फ्लेक्सवर लावला असेल, तर तो उद्याच उतरवा.

माझी मागणी साधी आहे. पुढच्या बॅचच्या पहिल्या दिवशी प्रोजेक्टर बंद ठेवा. एक मराठी आणि एक इंग्रजी उतारा वाटा, प्रत्येकाकडून तीन ओळींत सारांश लिहून घ्या, आणि कोणाचे वाचन कच्चे आहे, कोणाची भाषा, हे त्याला तोंडावर सांगा. सहा महिने त्यांच्याबरोबर बसून वाचा. हे जमणार नसेल तर फ्लेक्सवरचा ‘आकलन’ हा शब्द पुसा आणि या वर्षीच्या मुलांची फी परत करा.

आणि ही शिकवणी लावायच्या विचारात असलेल्या मुलामुलींनो, पैसे भरण्याआधी सरांना एकच विचारा: सर, तुमच्या वर्गात उतारा पूर्ण वाचतात का?

आपला,
मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शिकवणारा एक शिक्षक
पुणे