फ्रेममधून बाजूला व्हा

सुरतेच्या डिंडोलीत माणसं फार. खानदेशातून ताप्ती लाइनच्या गाडीत बसून आलेली, उधन्याला उतरलेली आणि मग इकडे दोन खोल्या बांधून कायमची झालेली. त्यांच्या शेजारी युपी-बिहारची, ओडिशाची, राजस्थानची. सकाळी दुधाच्या पिशवीसाठी खाली उतरलं तरी वाटेत पाच जणांना 'काय भाऊ' म्हणावं लागतं. अशा जागी राहून ज्याला आपल्या फोटोत एकही माणूस नको असतो, तो आमचा कॅमेरावाला भाऊ.

भाऊ कुणी एक नाही. नवागामपासून खरवासा रोडपर्यंत दर दुसऱ्या सोसायटीत तो आहे. सोमवार ते शनिवार तो रिंग रोडच्या मार्केटात साड्यांच्या दुकानाचे हिशेब लिहितो, नाहीतर पांडेसऱ्याच्या मिलमध्ये सुपरवायझर असतो, नाहीतर एम्ब्रॉयडरीची दोन मशिनं चालवतो. रविवारी तो नेचर फोटोग्राफर. व्हिजिटिंग कार्डावर तसं छापलेलंही आहे. खाली मोबाइल नंबर आणि कोपऱ्यात वाघ. वाघ इंटरनेटवरून घेतलेला.

कॅमेरा हप्त्याने आणलेला. हप्ते फिटले, पण तोवर भाऊला कळलं होतं की खरा प्रश्न कॅमेऱ्याचा नसून लेन्सचा असतो. तेव्हापासून त्याचा कुठलाही फोटो दाखवताना आधी खुलासा येतो. 'हे सत्तर-तीनशेवर काढलंय. सहाशेची असती ना, तर डोळ्यातलं बुबुळ दिसलं असतं.' आपण बघतो. हिरव्या पसाऱ्यात एक निळा ठिपका असतो. तो खंड्या आहे हे भाऊच्या शब्दावर मानायचं. वहिनींना मात्र सहाशेच्या लेन्सची किंमत पाठ आहे, आणि पाहुण्यांसमोर भाऊने 'सहाशे' म्हटलं की त्या स्वयंपाकघरातून तो आकडा स्पष्ट आवाजात सांगतात.

रविवारी पहाटे पाचला भाऊ निघतो तो थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, डुमस रोडकडच्या गवियर तलावावर. तिथे झाडी आहे, टिबुकल्या, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या आहेत, आणि पक्ष्यांना त्रास देऊ नका असं बजावणारी निसर्गप्रेमी मंडळीही आहेत. भाऊ तयारीने जातो. अंगात जंगलछाप जाकीट, डोक्यावर तसलीच टोपी. पण गाव सुरत, म्हणजे कापड पॉलिएस्टरच असणार. पहिल्या किरणात ते जाकीट जॉर्जेटच्या साडीसारखं चमकतं आणि भाऊ वाकला की खसखस वाजतं. भाऊ दबक्या पावलांनी तलावाकाठी पोचतो तेव्हा पाणकोंबड्या पलीकडच्या काठाला गेलेल्या असतात. मग तो मान हलवून म्हणतो, 'लाइट हार्श झाला.'

गंमत अशी की भाऊच्या सोसायटीमागे खाडी आहे. सुरतेत खाडी म्हणजे समुद्राची असेलच असं नाही. शहराच्या पोटातून वाहणाऱ्या या ओढ्यांना इथे खाडीच म्हणतात, आणि पावसाळ्यात त्या घरात येतात. एरवी त्यांच्या पाण्याचा रंग रोज एकच असेल याची खात्री नसते. त्या पाण्यात शेकाट्या उभे असतात. काळे पंख, पांढरं पोट आणि लांबच लांब गुलाबी पाय. चाळीस-पन्नासच्या थव्याने, माणसांना न घाबरता, प्लॅस्टिकच्या पिशव्यांमधून चोच बुडवत फिरतात. गच्चीवरून किट लेन्सने निघतील इतके जवळ. भाऊला विचारलं तर म्हणतो, 'बॅकग्राउंड नाही हो.' बॅकग्राउंडला आम्ही राहतो.

थंडीत तो तापीवर जातो. लडाखकडून, मध्य आशियातून कुरव पक्षी उतरतात आणि कॉजवेपाशी त्यांना गाठिया खिलवायला लोकांची रांग लागते. भाऊला कुरव हवे असतात, गाठिया नकोत. एकदा त्याने गाठियाचं पाकीट घेऊन उभ्या असलेल्या एका काकींना हात जोडून सांगितलं, 'काकी, जरा फ्रेममधून बाजूला व्हा.' काकी म्हणाल्या, 'तो पछी खवडावशे कोण?' तरी भल्या बाई, बाजूला झाल्या. पाकीट घेऊन दहा पावलं गेल्या, आणि त्यांच्या मागे सगळे कुरवही गेले. भाऊच्या फ्रेममध्ये उरली तापी. फोटो छान आला. ती गोदावरी आहे असं सांगितलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती.

डुमसला तर रविवारी संध्याकाळी फ्रेम रिकामी व्हावी म्हणून थांबणं हा उपासच आहे. काळी वाळू, मागे सूर्य, आणि मधे अख्खं सुरत टोमॅटोची भजी खात उभं. भाऊ सूर्य बुडेपर्यंत थांबतो. गर्दी हटत नाही, सूर्य हटतो.

निसर्ग नाही सापडला तर भाऊ हेरिटेजकडे वळतो. कतारगामला इंग्रजांचं जुनं कब्रस्तान आहे. 1664 साली महाराजांची सुरतेवर स्वारी झाली तेव्हा वखारीची दारं लावून, बंदुका सरसावून आत बसलेला जॉर्ज ऑक्झेंडन तिथे पुरला आहे. 1669 साली इथेच मेला. कबर अशी की घुमट बघून आत कुणी मोगल सरदार असेल असं वाटावं. मराठी माणसाने तिथे जाऊन निदान मिशीला पीळ द्यावा! भाऊ ट्रायपॉड लावतो आणि दीड तास वायर, पाण्याची टाकी आणि पलीकडची इमारत टाळत फिरतो. घरी येऊन उरलेली वायर कॉम्प्युटरवर पुसतो. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडतो, आणि दोन मिनिटांत प्रश्न येतो, 'राजस्थानला कधी गेला होतात भाऊ?'

त्याचं दैवत मात्र अस्सल. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. 1913 साली नवसारीत जन्मलेल्या, म्हणजे आपल्या शेजारच्याच, हे भाऊ अभिमानाने सांगतो. गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरू, स्वातंत्र्याचे ते दिवस, सगळं त्यांनी टिपलं. 2011 साली पद्मविभूषण झाल्या. पण भाऊला सर्वांत आवडते ती वेगळीच गोष्ट. नव्या पिढीच्या फोटोग्राफरांचं वागणं असह्य झालं म्हणून 1970 साली बाईंनी कॅमेरा ठेवून दिला तो कायमचा. हे सांगताना भाऊ तीव्र दुःखाने मान हलवतो. ते फोटोग्राफर लोकांना ढकलत, मधे घुसत, 'बाजूला व्हा' म्हणून ओरडत असतील, असं त्याला वाटतं.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई बसते. त्या रात्री आणि सोमवारच्या विसर्जनाला डिंडोलीत धुळं-जळगाव कुठे संपलं आणि सुरत कुठे लागलं ते सांगता येणार नाही. रोटांचा वास, रात्रभर गाणी, सकाळी डोक्यावर कानबाई घेऊन निघालेल्या बायका आणि पुढे फुगड्या. भाऊची आई म्हणते, फोटो काढ. भाऊ म्हणतो, 'आई, मी इव्हेंट करत नाही.' आई विचारते, 'मंग करस काय तू?'

यावर नेचर फोटोग्राफीत उत्तर नाही. भाऊ कॅमेरा घेऊन निघतो. नाक्यावरची पोरं आडवी येतात, 'मना बी एक काढ ना भाऊ!' मावश्या पदर सावरून रांगेत उभ्या राहतात. भाऊ वैतागून चालता चालता बटण दाबत जातो, लाइट न बघता, बॅकग्राउंड न बघता. त्यातला एक फोटो आमच्या गल्लीत चार घरांच्या भिंतीवर लॅमिनेट होऊन लागला आहे. भाऊच्या आईच्या डोक्यावर कानबाई, नाकातली नथ उन्हात चमकलेली, आईचं तोंड गाण्यात उघडं, एका बाजूला कुणाचं तरी कोपर, मागे बंद पडलेली मोटरसायकल आणि वरून आडवी गेलेली केबलची वायर. खंड्या अजून कुणाच्या भिंतीवर गेलेला नाही. पाहुणे त्या फोटोचं कौतुक करतात तेव्हा भाऊ वायरकडे बोट दाखवून म्हणतो, 'एवढी काढायची राहिली.' ती काढायला आईने मनाई केली आहे. वायर आपल्या घरची आहे म्हणते.

तुमच्या घरी लग्न निघालं तर भाऊला पत्रिका जरूर द्या. माणूस मनाने सरळ, पंगतीत वाढायलाही उभा राहतो. फोटोचं काम मात्र स्टुडिओवाल्यालाच सांगा. भाऊला सांगितलंत तर मंगलाष्टकं संपेपर्यंत तो मांडवाच्या बांबूवर बसलेल्या साळुंकीचे फोटो काढत राहील, आणि नवरा-नवरीला दोनदा बाजूला व्हायला सांगेल.