पितळेच्या गावात ग्रामोफोन

भंडाऱ्यात घरातलं पितळ काळवंडलेलं दिसणं म्हणजे लाज. गाव भांड्यांचं, चिंच, राख आणि मनगटाचा जोर यावर इथली इभ्रत. त्यामुळे जुना ग्रामोफोन घरात आला की पाहुण्याची पहिली नजर भोंग्यावर आणि पहिला सल्ला, "चिच लावून पाहा ना जी!"

आता भोंगा पितळेचाच असतो हे कुणी सांगितलं? जुन्या यंत्रांचे पुष्कळ भोंगे रंगवलेल्या पत्र्याचे. मुंबईच्या चोरबाजारात लखलखीत पितळी भोंग्याचा 'असली एचएमव्ही' दिसला, तर कुत्र्याचं चित्र कितपत ताजं आहे ते आधी बघावं. पण पितळेच्या गावात, चमकतं म्हणून खोटं, हे पटवणं महाकठीण.

तबकडीचंही तेच. १९९९ पर्यंत गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होतं. तिकडच्या जंगलात पळसाच्या फांद्यांवर लाख धरते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्याच, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी. भुकटी मुद्दाम घातलेली. पोलादी पिन तिच्यावर घासून सुरुवातीच्या फेऱ्यांतच खाचेच्या मापाची व्हावी, हा हेतू. म्हणून दर बाजूला नवी पिन, असा कंपनीचा दंडक. तीन-सव्वातीन मिनिटांच्या गाण्याला एक पिन! आपल्याकडे एका पिनेवर अख्खं लग्न निघालं, वऱ्हाड उतरल्यापासून पाठवणीपर्यंत. त्या काटकसरीने खाचा करड्या पडल्या. तो करडेपणा झिजेचा आहे, मळाचा नाही. कितीही घासा, जात नाही.

तरी घासणारे घासतातच. एक पंथ खोबरेलवाल्यांचा: तबकडी दोन दिवस चमकते, मग गल्लीतली सगळी धूळ तिच्यावर मुक्कामाला. दुसरा पंथ स्पिरिटवाल्यांचा, आणि तो जास्त घातकी. फर्निचरला पॉलिश करणारा सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे यांना ऐन वेळी आठवत नाही. पुसता पुसता गाणंच फडक्यावर येतं.

माझं म्हणाल तर गार पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश. हात खाचेच्या दिशेनेच फिरवायचा आणि मधला कागद कोरडा ठेवायचा. आणि एलपीची सुई या तबकडीवर टेकवू नये. इथली खाच जवळजवळ तिप्पट रुंद. बारीक सुई तळाशी लोळत तिथला कचरा तेवढा वाचते. हजारोंच्या वायरी घेण्याआधी बरोबर मापाची सुई घ्यावी, असं मी म्हणतो. वायरीवाले माझ्याशी बोलत नाहीत.

एवढं करून खरखर उरतेच, कारण भुकटी तबकडीच्या अंगातच आहे. संगणकावर ती पुसता येते. काही जण इतकी पुसतात की तिच्याबरोबर गाणाऱ्या बाईचा श्वासही जातो. मी ती तशीच राहू देतो. शेजारी खिडकीतून विचारतात, "भाऊ, मशीन बिघडली का जी?"