परदेशातही रुपयांत बिल दाखवणाऱ्या कनवाळू यंत्रास

आदरणीय यंत्रमहाशय,



बँकेच्या कागदोपत्री आपले नाव 'डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन', जवळच्या मंडळींत डीसीसी. आमच्या सहलकरी लोकांना मात्र आपण नावानिशी कधी भेटत नाही, प्रश्नाच्या रूपात भेटता. प्रागच्या उपाहारगृहात, बँकॉकच्या मॉलमध्ये, पॅरिसच्या अत्तराच्या दुकानात कार्ड लावले की पडद्यावर दोन आकडे उमटतात, एक तिथल्या चलनात आणि एक रुपयांत. सोबत अदबीने विचारणा: कोणत्या चलनात द्याल? जिथे चहालाही चहाची चव नाही अशा परमुलखात एक यंत्र आपल्या रुपयाची आठवण काढते म्हटल्यावर नाशिकच्या काकू गहिवरतात. "अहो, रुपयांत दाखवतंय! तेच दाबा, निदान किती गेले ते तरी कळेल." काका दाबतात. किती गेले ते काही कळत नाही, आणि तीच तर आपली कारागिरी.

म्हणून हे जाहीर पत्र. कौतुक चारचौघांतच करावे.

नव्वदच्या दशकात आपण बाजारात उतरलात. तोवर परदेशातल्या खरेदीचे रुपये करण्याचे काम व्हिसा, मास्टरकार्ड यांच्या दराने व्हायचे. तो दर घाऊक बाजाराच्या बराच जवळ असायचा, आजही असतो. आपल्या जन्मदात्यांनी ओळखले की हे रूपांतर ग्राहकाच्या बँकेपर्यंत पोहोचूच दिले नाही, दुकानाच्या गल्ल्यावरच उरकून टाकले, तर दर आपल्या मर्जीचा लावता येतो. मग त्या दरात नफा मिसळायचा, कुठे तीन टक्के, कुठे आठ, कुठे त्याहून वर, आणि तो दुकानदार, त्याची बँक आणि आपली कंपनी यांनी वाटून घ्यायचा. कमिशन या शब्दाला पडद्याच्या आसपासही फिरकू द्यायचे नाही. व्हेनिसचा वेटर गिऱ्हाइकाला न विचारताच रुपयांचे बटण दाबून मोकळा होतो, ते भारतप्रेमापोटी नव्हे, हे आमच्या जरा उशिराच लक्षात आले.

थोडे आकडे मांडू. हिशेब सोपा राहावा म्हणून एक युरो म्हणजे सरळ शंभर रुपये धरू. जेवणाचे बिल १०० युरो. ते युरोत दिले तर व्हिसा-मास्टरकार्डच्या दराने १०,००० रुपये. त्यावर आमच्या बऱ्याच क्रेडिट कार्डांचा साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप, म्हणजे ३५० रुपये, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, ६३ रुपये. एकूण १०,४१३. आता आपली कृपा होऊ द्या. आपला वाटा आठ टक्के धरला तर पडद्यावर १०,८०० रुपये झळकतात. काकांना वाटते, परकीय चलनाची भानगडच मिटली, आता बँक कशाचे पैसे मागणार? बँक मागते. व्यवहार रुपयांत झाला तरी दुकान परदेशातले, म्हणून भारतातल्या अनेक बँका एक टक्का शुल्क लावतात आणि त्यावर पुन्हा जीएसटी. आणखी १२७ रुपये. झाले १०,९२७. काही बँका तर अशा व्यवहारावरही स्वतःचा पुरता मार्कअप वसूल करतात. ते गणित इथे सोडवत नाही, वाचकांत रक्तदाबाची मंडळी असतात.

न्यायाने बोलायचे तर आपल्या बाजूनेही एक मुद्दा आहे. एखाद्याच्या कार्डाला साडेतीन टक्के मार्कअप आहे, त्याची बँक आपल्या व्यवहारावर काहीच लावत नाही, आणि त्या दिवशी आपण फक्त दोन टक्क्यांवर भागवले, तर आपण स्वस्त पडाल. असा दिवस उगवला की जरूर कळवा.

फॉरेक्स कार्डवाल्यांचा छळ तर आपण विशेष आवडीने करता. बिचारा माणूस निघण्याआधी बँकेत जाऊन, दर पाहून कार्डात युरो भरून आणतो. आपल्याला तो चेहऱ्याने नाही तरी कार्डाच्या नंबरावरून भारतीय दिसतो, म्हणून आपण त्याच्यापुढे रुपये किंवा डॉलर धरता. त्याने हो म्हटले की आपण युरोचे रुपये करता, आणि ते रुपये भागवायला कार्ड स्वतःतले युरो मोडते. युरोतून युरोत जाताना वाटेत दोन टोलनाके!

एटीएमवर मात्र आपली प्रतिभा खरी फुलते. दुकानात निदान दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात. एटीएममध्ये 'रूपांतर स्वीकारा' हे बटण हिरवे, ठसठशीत, मधोमध, आणि 'रूपांतर नाकारा' कोपऱ्यात, लाल. वर ग्वाही की हा खात्रीचा दर आहे. आहेच, खात्रीने महाग. लाल बटण दाबले तर नोटा मिळणार नाहीत, कदाचित कार्डही आत अडकेल, मागच्या रांगेत शोभा होईल, अशी भीती वाटावी इतकी ती मांडणी बेतलेली असते. प्रत्यक्षात नाकारले की यंत्र मुकाट्याने तितक्याच नोटा मोजून देते, रूपांतर तेवढे प्रवाशाच्या बँकेकडे जाते. हे ठाऊक असलेला प्रवासी आपल्याला फारसा आवडत नसावा.

आपल्या धाकाने काहींनी कार्ड घरी ठेवून सगळी रोकड न्यायचे ठरवले. त्यांच्यासाठी आपले मावसभाऊ विमानतळावर बसलेलेच आहेत. 'झिरो कमिशन'ची पाटी आणि खाली खरेदी-विक्रीच्या दरांत अशी दरी, की कमिशन घ्यायची गरजच उरू नये. शिवाय न्यायचे म्हटले तरी किती नेणार? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच परकीय नोटा नेता येतात, बाकीचे कार्डावर. एवढ्या नोटा पोटाशी बांधून लूव्ह्रच्या गर्दीत मोनालिसा बघणाऱ्याचे लक्ष मोनालिसाकडे किती असते, ते तिलाच ठाऊक.

आणि रोख की कार्ड, यावर जगाचे अजून एकमत झालेले नाही. लंडनच्या बसने जुलै २०१४ पासून रोख घेणेच थांबवले. स्टॉकहोममध्ये कॉफीच्या दुकानावरही 'रोख चालत नाही' अशी पाटी भेटते. तिथून जर्मनीत उतरावे तर कोपऱ्यावरचा बेकरीवाला कार्ड पाहून कपाळाला आठ्या घालतो. जपानसारख्या यंत्रवेड्या देशात छोट्या खानावळीला आणि देवळातल्या दानपेटीला नाणी-नोटाच लागतात. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढले की तिथली बँक दर वेळी २२० बाथच्या आसपास आकारते, मग रक्कम हजार असो की वीस हजार. रोज थोडे थोडे काढण्याची आमची काटकसरी सवय तिथे महागात पडते. तेव्हा सरसकट रोख हा उपाय नाही आणि सरसकट कार्ड हाही नाही. टॅक्सी, टिप, स्वच्छतागृह, रस्त्यावरचे खाणे एवढ्यापुरते चलन निघण्याआधी शहरातल्या अधिकृत मनीचेंजरकडून दोन-तीन ठिकाणी दर विचारून घ्यावे, हॉटेल आणि मोठी खरेदी कार्डावर करावी. आमच्या काकूंना हे शहाणपण कुणी शिकवायला नको होते. आपण मध्ये आलात म्हणून हा विषय एवढा अवघड झाला.

नियमांचेही आपल्याला वावडे नाही, हे मान्य केले पाहिजे. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचाही दंडक आहे की चलन निवडण्याचा हक्क कार्डधारकाचा, आणि त्याला विचारल्याशिवाय रूपांतर करायचे नाही. आपण विचारताही. फक्त कधी कधी दुकानदाराला विचारता. युरोपीय संघाने २०१९ मध्ये कायदा करून स्वतःच्या हद्दीतल्या व्यवहारांसाठी आपल्याला हिशेब उघड करायला लावला: युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरावर आपण किती टक्के चढवले, ते पैसे कापण्याआधी दाखवा. आपल्या प्रामाणिकपणावर तिथल्या सरकारांचा किती विश्वास आहे, हे त्यातून दिसले.

माझी मागणी तेवढीच आहे. रुपयांच्या आकड्याखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, आमच्यासाठीही एक ओळ छापा: 'यात आमचे इतके टक्के.' छापल्यावरही कुणी हिरवे बटण दाबले तर मी आपल्याला पुन्हा पत्र लिहिणार नाही.

आपला,
तिथले बिल तिथल्याच चलनात भरणारा एक भारतीय

ता. क. हे यंत्रासाठी नाही, वाचकांसाठी. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करा. २०२० पासून तो नव्या कार्डांवर मुळात बंदच असतो. एकाच कार्डावर विसंबू नका, दोन कार्डे दोन वेगळ्या खिशांत ठेवा. यंत्र दुकानदाराच्या हाती देऊ नका, पडदा स्वतः वाचा. पावतीवर स्थानिक चलनाऐवजी आयएनआर छापून आले तर तिथेच थांबा, व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. दुकानदाराने ऐकले नाही तर पावती जपून ठेवा आणि परतल्यावर बँकेकडे लेखी तक्रार करा. न विचारता केलेल्या रूपांतराविरुद्ध दाद मागता येते.