इंजिन बदललेली गाडी सेल्फ घेत नसल्यास: एक अधिकृत मार्गदर्शिका

इंजिन बदलून झाले, बोनेटला हळदकुंकू लागले, चाकाखाली लिंबू ठेवले, किल्ली फिरवली आणि गाडीने फक्त ‘टक’ केले, की नागपुरात निदानाची एक मान्यताप्राप्त पद्धत आपोआप सुरू होते. बोनेटभोवती समिती जमते. सदस्यत्वासाठी स्वतःची गाडी असण्याची अट नाही. ठाम मत असले की पुरे. समितीचा क्रमही ठरलेला आहे. आधी बॅटरी गेली, मग सेल्फ गेला, मग इंजिनच जाम, आणि चहाची दुसरी फेरी येईपर्यंत ‘इकनाऱ्यानं फसवलं राजेहो’. वस्तू जितकी महाग तितका तिच्यावरचा संशय पक्का, असे या क्रमामागचे तत्त्व. प्रस्तुत मार्गदर्शिकेचे म्हणणे नेमके उलट आहे. इंजिन बदलल्यावर गाडी सेल्फ घेत नसेल तर आरोपी इंजिनात शोधू नये. तो इंजिन आणि चासीच्या मध्ये असतो, किंवा असायला हवा होता आणि नसतो. त्याचे नाव अर्थिंगची पट्टी. तांब्याच्या तारांची वीतभर वेणी.

हे म्हणणे पटवण्याआधी समितीला एक भेद समजावून सांगावा लागतो. सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही, हा एक आजार. सेल्फ फिरतच नाही, हा दुसरा. पहिल्यात डिझेल, पंप, प्लग, नोझल यांची चौकशी योग्य आहे. दुसऱ्यात ही सगळी मंडळी घटनास्थळी हजरच नव्हती, तरीही टाकीत डिझेल आहे का हे कुणीतरी वाकून पाहतोच. पाहू द्यावे.

आता पुरावा. सेल्फला इंजिन फिरवायला साधारण दोनशे अँपिअर लागतात, डिझेल इंजिनाला त्याहून जास्त. हा करंट बॅटरीपासून जाड केबलने सेल्फपर्यंत जातो याकडे सगळ्यांचे लक्ष असते. त्याला परतही यावे लागते, याकडे कुणाचेच नसते. परतीचा रस्ता इंजिनाच्या लोखंडातून. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनाला चासीशी जोडणारी पट्टी लागते. जुने इंजिन उतरवताना ती सुटते, कोपऱ्यात पडते आणि भंगारासोबत जाते. शिवाय नव्या इंजिनाला मालक हौसेने रंग मारून घेतो. त्या चकचकीत रंगावर पट्टी कितीही घट्ट आवळली तरी रंग विजेला अडवतोच. या जोडात फक्त 0.02 ओहम रोध आला तरी दोनशे अँपिअरला चार व्होल्ट तिथेच संपतात, आणि 12.6 व्होल्टच्या बॅटरीतून सेल्फच्या वाट्याला आठ-साडेआठ उरतात. तेवढ्यात सेल्फवरचा सोलेनॉइड ‘टक’ म्हणतो आणि थांबतो. कधी करंट हट्टाने दुसरी वाट काढतो आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून घरी परततो. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली, तर खटला तिथेच निकाली निघाला.

कारखानेही इंजिने बदलत आले आहेत. ॲम्बॅसेडरला 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन मिळाले. महिंद्राच्या जीपला पूजोचे डिझेल. तिथे इंजिनासोबत वायरिंगचाही नकाशा नव्याने आखला गेला. ऑटोमोटिव्ह चौकाच्या आसपासच्या एखाद्या गॅरेजात जीपमध्ये मॅटॅडोरचे इंजिन बसते तेव्हा फक्त इंजिन येते. नकाशा मिस्त्रीच्या डोक्यात असतो, आणि मिस्त्री जेवायला गेलेला असतो.

समितीचा पहिला आक्षेप: दिवे तर झकास लागतात! लागणारच. हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब पाचेक अँपिअर घेतो, आणि त्याचा परतीचा रस्ता बॉडीतून जातो. इंजिनाशी त्याचा संबंध नाही. दिव्यांच्या साक्षीवर अर्थिंगला निर्दोष सोडणे म्हणजे झिरो माइलचा दगड जागेवर आहे म्हणून कामठी रोड मोकळा आहे असे मानणे. दुसरा आक्षेप: उन्हाने बॅटरी मेली. पारा 45 च्या पुढे गेला की बॅटरीचे आयुष्य घटते, हे खरे. पण त्याच उन्हात ऑइल पातळ होऊन इंजिन हलके फिरते. बॅटरीची खरी परीक्षा डिसेंबरच्या पहाटे होते. तिसरा आक्षेप वजनदार आहे: इंजिन खरोखर जाम असेल तर? गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने फिरवावा. फिरला, तर विकणाऱ्याची माफी मागावी. चौथा आक्षेप तर मान्यच करावा लागतो. किल्ली फिरवल्यावर ‘टक’सुद्धा आले नाही, तर अर्थिंगच्या आधी रिले, इग्निशन स्विच, क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच आणि सोलेनॉइडची बारीक वायर पाहावी, काही नव्या गाड्यांत इमोबिलायझरही सेल्फ अडवतो. आणि ‘टक’ऐवजी करकर आली, तर सेल्फचे दाते नव्या फ्लायव्हीलशी जुळत नाहीत. ते काम मात्र खरेच खर्चाचे आहे.

प्रत्यक्ष चाचणीला समितीची गरज नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या लोखंडाला लावावे आणि सेल्फ मारावा. इंजिन फिरले, तर दोष सापडला. मीटर असेल तर जंपर काढून तो त्याच दोन जागी लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर रंग खरवडून नवी पट्टी आवळावी. हा उपाय फार स्वस्त असल्यामुळे समितीला तो मान्य होत नाही. त्यांना दुसरा चहा पाजून वाटेला लावावे.

गाडी चालू झाली म्हणजे काम संपले असेही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे इंजिनाचा बदल आरटीओच्या मंजुरीत बसावा लागतो आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढावा लागतो. एमएच 31 असो, 40 असो की 49, आपल्या कार्यालयात हे आधी विचारून घ्या, आणि शक्यतो इंजिन विकत घेण्यापूर्वीच.