डबे सोडून सगळं

रामटेककरांना 2018 पासून ब्रॉडगेज मेट्रो मिळालेली आहे. फक्त तिला डबे नाहीत. त्या वर्षी रेल्वे आणि महामेट्रो यांचा सामंजस्य करार झाला. नागपूरहून रामटेक, वर्धा, नरखेड, भंडाऱ्यापर्यंत रेल्वेच्याच रुळांवरून मेट्रो धावणार, असं ठरलं. रूळ होते, स्टेशनं होती, प्रवासी तर होतेच. गाडी तेवढी आणायची राहिली. मिराशींसारख्या अभ्यासकांच्या मते ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे आमचं रामटेकच. तिथून यक्षाने ढग रवाना केला, तोही सामंजस्य कराराविना! त्याचा शापही वर्षाचाच होता. आमची मुदत कोणी सांगत नाही. पुढच्या घोषणेत वेग, गारवा, गुबगुबीत आसनं जरूर सांगा. पण आधी तारीख सांगा, आणि एकदाच सांगा.